सातवा रकाना

नांदेसरीहून अर्ज आलाय.
पदार्थ जुनाच. यादीतला त्याचा नंबर
माझ्या नोकरीपेक्षा वयानं मोठा.
आजवर पंपांच्या सीलमध्ये, बंद लोखंडात राहिला,
कुणाच्या अध्यात ना मध्यात.
आता म्हणतात, लहान मुलांच्या गाद्यांवर फवारू.
डाग बसणार नाही, ओल मुरणार नाही.

हेमल अमीन समोर बसलेत. नम्र माणूस.
माझ्यासाठी मुद्दाम मोडकं मराठी बोलतात :
‘बेन, पदार्थ तर तोच ना?
यात नवीन काय?’

मला चुना आठवतो.
पानाला बोटभर, भिंतीला बादलीभर,
आणि शेजारच्या वसुमतीच्या उजव्या डोळ्यात
चिमूटभर.
तोच चुना.

रकाना सात : कुणाच्या अंगाला लागेल?
त्यांनी लिहिलंय : लागू नाही.

गादीवर मूल घामेजून झोपतं, साहेब.
कोपरा तोंडात घालतं.
गादी धुतली की पाणी गटारातून विश्वामित्रीत,
आणि तिथल्या मगरींकडे आवक-जावक विभाग नाही.
ते हसतात. मीही हसते.
शिक्का ओला आहे, अजून मारलेला नाही.

दांडिया बाजारच्या आमच्या पोळात
एक निळं पिंप होतं.
बाबांनी रंगाच्या कारखान्यातून बावीस रुपयांना आणलेलं,
सायकलला बांधून, अख्ख्या पोळाला दाखवत.
आईनं राखेनं घासलं, चिंचेनं घासलं,
पुन्हा राखेनं.
झाकणावरची कवटी काही निघेना,
तेव्हा तिच्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं.
नळ दिवसाआड यायचा. पिंप भरलेलं असायचं.
पाणी जरा गोडसर लागायचं.
प्रभंजन तर तांब्यावर तांब्या.

त्याच्याबद्दल घरात कुणी बोलत नाही.
मीही पुढं कधी काही सिद्ध केलं नाही,
करता आलंही नसतं.
फक्त या फॉर्मवरचे अकरा प्रश्न,
किती, कुठं, किती दिवस, धुतल्यावर काय उरतं,
हे त्या पिंपाजवळ उभं राहून
कुणीतरी आईला विचारायला हवे होते.
सरकारी आवाजात का होईना.

अर्ज परत सरकवते. नव्वद दिवस, म्हणते,
आणि सातवा पुन्हा भरा.

अमीनभाई पेन काढतात.
‘लागू नाही’वर एक रेघ मारतात, सरळ, पट्टीनं मारल्यासारखी.
पुढं काय लिहावं ते सुचत नाही.
बराच वेळ.

मग पाणी मागतात.