सत्त्याऐंशी नंबरचा ठिपका

औलू शहर, जानेवारी. दुपारी अडीचलाच
खिडकीतला उजेड कुणीतरी आवरून नेला.
तुइरे केम्पाइनेन दिवा लावते, चष्मा पुसते,
आणि एकशे बेचाळीस म्हातारी माणसं
पडद्यावर पसरते, वाळवणासारखी.

आडव्या अक्षावर एकटेपण, वीस प्रश्नांतून मोजलेलं.
उभ्या अक्षावर रात्रीचं जागरण.
प्रत्येक माणूस एक ठिपका.
ठिपक्याचा गुडघा दुखत नाही,
ठिपक्याची बायको ऑक्टोबरात वारलेली नसते.

यंत्र जरा घुटमळतं आणि आकडा देतं :
शून्य दशांश तीन सहा.

तुइरेला मराठी येत नाही,
म्हणून तिला ठाऊक नाही की आमच्याकडे
छत्तीस गुण जुळले तर सनई वाजते,
आणि छत्तीसचा आकडा असला
तर तीन आणि सहा पाठीला पाठ लावून
जन्मभर शेजारी शेजारी उभे राहतात.
तिच्या लेखी छत्तीस म्हणजे
बरा आहे, माणसांचा आहे, छापता येईल.

वर्ग केला की मात्र उतरतो.
माणसामाणसाच्या झोपेत जो फरक,
त्यातले शंभरातले तेरा वाटे
एकटेपणाच्या खात्यावर.
उरलेले सत्त्याऐंशी कुणाचे, ते आकडा सांगत नाही.

मुलांचे फोन आणि एकटेपण : गुणांक जवळजवळ शून्य.
ओत्सो, तिचा मदतनीस, ती ओळ खोडायला निघतो.
‘थांब,’ ती म्हणते, ‘आधी चित्र बघ.’
ज्यांना फोनच येत नाही ते एकटे,
आणि ज्यांना रोज येतो, रोज तोच, औषध घेतलं का, तेही.
मधले थोडे खुशीत. ठिपक्यांची झोळी झालेली.
शून्य म्हणजे नातं नाही असं नव्हे.
सरळ रेषेतलं नाही, इतकंच.

‘आणि हा?’ ओत्सो बोट ठेवतो.
उजवीकडे अगदी टोकाला, तळाशी,
सगळ्यांत एकटा, आणि रात्रभर गाढ झोपणारा.
क्रमांक सत्त्याऐंशी. (कावळा बसला, फांदी मोडली;
त्या उरलेल्या सत्त्याऐंशींशी याचा काही संबंध नाही.)
‘हा काढला तर बेचाळीसपर्यंत जातो आकडा.’

दुसऱ्या फेरीच्या मुलाखतीला ती स्वतः निघते.
गोठलेल्या समुद्रावरून रस्ता, हाइलुओतो बेटापर्यंत,
दोन गाड्यांत अंतर ठेवा अशी पाटी.
ताउनो सिप्पोला बर्फाला भोक पाडून
जाळं ओढत बसलेला. हात लाल, बीटासारखे.

‘एकटा आहे ना. खोटं कशाला लिहू?
पण हे दिवसभर ओढल्यावर
जागं राहायला ताकद कुठली आणू?’
मग तिला कॉफी, वाळवलेला मासा,
आणि अचानक : ‘तुमच्या कागदावर मी कुठे आहे?’

असं दाखवायचं नसतं. ती दाखवते.
तो बराच वेळ त्या गर्दीकडे बघतो,
मग खालच्या कोपऱ्यातल्या आपल्याकडे.
‘जागा बरी आहे,’ म्हणतो. ‘वारा लागत असेल थोडा.’

ठिपका राहिला. आकडा छत्तीसच राहिला.
ओत्सो दोन दिवस फुगून बसला.

रात्री दोन वाजता तुइरे स्वयंपाकघरात,
दिवा न लावता, फ्रिजची घरघर ऐकत.
कुणी नाही म्हणून झोप नाही,
की जागी राहते म्हणून कुणी टिकलं नाही,
की दोन्हीमागे तिसरंच काही, कधीचं,
वीस प्रश्नांत जे विचारलंच नाही?
गुणांकाला बाण नसतो.

ती दूध गरम करायला ठेवते.
उतू जाईपर्यंत बघत राहते.