रिकामं होण्याचं माप

त्रेस अरोयोसच्या बाहेर, गव्हाच्या कोठारांपलीकडे
बेलिसारिओचं पत्र्याचं गॅरेज.
तीन हिवाळे मी तिथे नळ्यांत वाळू ठोकून भरली,
दोन्ही तोंडांना लाकडी बूच मारून.
मग भट्टीत लाल करून वाकवायच्या.
पोकळ नळी वाकते कुठे, चेपते.

फाकुंदो आला तो ऐटीत. सहा सिलिंडरचं जुनं इंजिन,
रविवारी मातीच्या ट्रॅकवर शर्यत.
"चांगल्या रुंद नळ्या घाल. धूर मोकळा जाऊ दे,
आणि आवाज चर्चपर्यंत."
बेलिसारिओनं माटेचा घोट संपवला.
"झाडांना पाणी घालताना
पाइपाच्या तोंडावर अंगठा का धरतोस रे?"
फाकुंदोला उमगलं नाही.
मलाही, तेव्हा.

व्हॉल्व्ह उघडला की धूर नुसता निघत नाही,
धडक देत निघतो.
नळ्या जिथे एकमेकींना मिळतात
तिथवर ती धडक जाते,
आणि मागे फिरते
ती ओढ होऊन.
एक दार मिटतंय, दुसरं किलकिलं होतंय,
नेमकी तेव्हाच ती दाराशी पोचली पाहिजे.
मग आतलं उरलंसुरलं बाहेर,
आणि त्याच हिसक्यानं ताजी हवा आत,
पिस्टननं बोलावण्याआधी.

आखूड नळी घाईच्या इंजिनाची,
लांब नळी दमानं फिरणाऱ्याची.
"ट्रॅक कसाय?"
"वळणंच वळणं."
"मग लांब. आणि बारीक."

एक, पाच, तीन, सहा, दोन, चार.
ठिणग्यांचा हा क्रम तो वेल्डिंग करताना पुटपुटायचा,
जपमाळ ओढल्यासारखा.
पुढच्या तिघी एकीकडे, मागच्या तिघी दुसरीकडे,
साऱ्यांची लांबी सारखी, आतून सुतळी घालून मोजलेली.
सहावीला घर सगळ्यात जवळ,
म्हणून तिच्याच वाट्याला वळसे जास्त.

रविवारी आवाज ऐकून फाकुंदोचं तोंड उतरलं.
पण वळणातून गाडी अशी सुटायची
की मागच्याला नुसती धूळ.
तिसरा आला. कोकरू भाजलं, आम्हालाही बोलावलं.
बेलिसारिओ गेला नाही.

सोमवारी त्यानं प्लग काढून
वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले.
पाच तपकिरी. चौथा काळपट.
"चौथीचं माप कुणी घेतलं?"

वारा पत्रा वाजवत होता.
सुतळी माझ्याच खिशात होती.
दोन बोटं कमी भरली.

तो काही बोलला नाही,
किटलीखालची आच वाढवली फक्त.
मी करवत घेतली
आणि वाळूचं पोतं पुढे ओढलं.