दम धर

शर्वाणी, रेघेच्या बाहेर ये.
बघायला ये रोज, बाटल्या भर,
गुण लिही... नको, तेही नको अजून.
काल वहीतले आकडे पोहत होते
हे तू आईला सांगितलंस, मला नाही.

नायगावच्या सामन्यात साखळी आवळताना
ऋजुताचा गुडघा तुझ्या कानशिलावर बसला.
मला ऐकू आलं.
सोललेला नारळ फरशीवर निसटावा, तसं.
तू उठलीस, माती झटकलीस,
तीनदा विचारलंस, "किती झाले?"
तीनदा सांगितलं, एकवीस-अठरा.
चौथ्यांदा विचारलंस तेव्हा मी तुला बाहेर काढलं
आणि अख्ख्या संघासमोर तू म्हणालीस,
"बाई, तुम्ही घाबरट आहात."

आहे.

आमच्या वेळी कुंदा होती, डावा कोपरा.
डोक्याला लागलं. ओला रुमाल, लिंबूपाणी,
आठव्या दिवशी पुन्हा मैदानात.
"मुरलेली आहे, काही होत नाही," म्हणणाऱ्यांत मीही होते.
दुसरा मार अगदी हलका होता गं,
कुणाचा धक्काही नाही, नुसती घसरली.
आता काळाचौकीला भावाकडे असते.
मी गेले की हसते, चहा सांगते,
नाव मात्र दर वेळी दुसरंच घेते माझं.

डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलंय, कपाटाला चिकटव:
आधी नुसतं चालणं. मग सावकाश धावणं.
मग एकटीने पायांची कामं.
अंगाला अंग लागेल असं काही
त्यांनी हो म्हटल्याशिवाय नाही.
पायरी चढलीस की एक रात्र झोपून बघायचं,
डोकं ठणकलं की एक पायरी खाली.
तिसऱ्या मजल्यावर राहतेस, जिन्यातला दिवा कायम गेलेला;
अंधारात पाय कसा टाकायचा
हे तुला मी काय शिकवू?

रविवारी निवड आहे. ठाऊक आहे.
तुझ्या बाबांचा फोन आला होता,
त्यांना वाटलं मी विसरले.

चढाईला जाताना मीच ओरडते ना, दम सोडू नकोस?
तोच शब्द. तोच दम.
फक्त या खेपेला मधल्या रेघेच्या अलीकडे
गप्प उभं राहून धरायचा.
अवघड आहे. मला कधी जमलं नाही.

चल, महिने उलटे म्हण.
मराठी तर तुला सुलटेही येत नाहीत, इंग्रजीच म्हण.
डिसेंबर, नोव्हेंबर... हं...
ऑगस्ट.

बस त्या बाकावर, सावलीत.
ऑगस्टच्या आधीचा आठवला
की हाक मार.