बेताराऊहून उत्तर

मारलेनबाई, तुमचं पत्र पोचलं.
अकरा प्रश्न आहेत त्यात, आकडे मला वाचता येतात.
उत्तराला दोन महिने लागले,
कारण विमान आलं नाही.
हे पहिल्या प्रश्नाचं उत्तरही समजा.

विमान मंगळवारचं. आलं,
तर आम्ही धावपट्टीवरची डुकरं हाकलतो,
वैमानिक वरून एक घिरटी घालतो, खात्री करतो, उतरतो.
नाही आलं, तर मंगळवार काय,
पुढच्या आठवड्यातही असतो.

खोली केवड्याच्या पानांनी यंदाच शाकारली.
भिंती नाहीत. चटया आहेत, खाली सोडल्या की भिंती.
माझा नवरा पलीकडेच झोपतो आणि घोरतो.
आधी सांगितलेलं बरं.

जेवायला मासा.
दुसऱ्या दिवशीही मासाच, पण दुसरा.
भात, बोट आली असेल तर.

किनारा फक्त आमचा असेल का, असं तुम्ही विचारलंत.
ते मनेआबात, म्हणजे गावाच्या मोठ्या छपरीत,
सगळ्यांसमोर वाचलं गेलं.
म्हातारे बराच वेळ चटईच्या काड्या मोडत बसले.
असा प्रश्न आमच्याकडे आजवर आला नव्हता.
मग बाऊरो म्हणाला, ओहोटीला बायका शिंपले उकरतात,
भरतीला पोरं, रात्री खेकडे,
दुपारी ऊन इतकं की कुत्रंही जात नाही,
दुपार देऊन टाका त्यांना.
कुणाची हरकत नव्हती. दुपार तुमची.

दिवसभर करायचं काय, इथे माझं घोडं अडलं.
नवरा पहाटे माडावर चढून माडी काढतो,
वर मोठ्याने गातो,
खाली आंघोळ करणाऱ्या बायकांना कळावं, वर माणूस आहे.
आवाज चांगला नाही. ऐकायला थांबतात तरी.
मी बाबाईच्या खड्ड्यात उतरते, कंदांना पाला घालते.
हल्ली तिथल्या पाण्याला चव लागते, मिठाची,
म्हणून खड्डा बदलायचं चाललंय.
तेवढ्यात संध्याकाळ होते.
कशी होते, ते थांबून पाहिलं नाही कधी.

सूर्यास्त बघायला उंच जागा?
चर्चमागे मुरुमाचा ढीग आहे, खड्डा खणला तेव्हाचा.
पोरं त्याला डोंगर म्हणतात.
तुमच्या खांद्याला लागेल.

आता मलाही थोडं विचारायचं आहे.
मीसुद्धा सुट्टीचा बेत करते आहे.
माझी लेक न्यूझीलंडला किवीच्या मळ्यात फळं तोडते.
बिस्किटांच्या डब्यात जाण्यापुरते पैसे साठलेत,
येण्यापुरते साठायचे आहेत.
तिने फोटो पाठवलाय, तिच्या खिडकीत डोंगर आहे.
तुम्ही डोंगरावर गेला असाल.
तो कुणाचा असतो? विचारून चढतात का?
वर उभं राहिल्यावर समुद्र कुठल्या हाताला?
आणि कुठल्याच हाताला नसला,
तर रात्री तो ऐकू आल्याशिवाय
झोप लागते कशी तुम्हाला?

येताना जुना चष्मा आणा, कुणाचाही, जवळचं वाचायचा.
मोठे गळ. सुया.
एक डुक्कर तुमच्या नावाने राखलं आहे,
त्याला नाव ठेवू नका, म्हणजे नंतर जड जात नाही.

हे पत्र बाऊरोच्या नातीने लिहून घेतलं,
तुमचं वाचून दाखवलं तेही तिनेच.
दहा प्रश्न घडाघडा वाचले.
अकराव्यापाशी थांबली, कागद उन्हाकडे धरला,
मग घडी घातली
आणि म्हणाली, अक्षर लागत नाही.

तो तुम्ही आल्यावर तोंडीच विचारा.

तिकोआ