पान सात, खाली डावीकडे

मोटारपंपाच्या जाहिरातीखाली
चार ओळी.
तांडापेठ इलेव्हन उपांत्य फेरीत, म्हणे.
उपांत्य नाही बे, फायनल मारली आम्ही,
इंदोऱ्याच्या मैदानावर,
एकशे अठराव्या मिनिटाला.

फोटो आहे. प्रमुख पाहुण्यांचा.
पांढरे बूट, चेंडूला पाय लावताना.
चेंडू कुठं गेला ते हेमूला विचारा,
नालीतून त्यानंच काढला.

वार्ताहर आला होता,
हाफटाइमच्या आधीच समोसा खाऊन गेला.
गोल कोणाचा, तर छापलंय: रमेश पराते.
आमच्यात रमेश कोणीच नाही.

पानठेल्यावर दामूभाऊनं पेपर आपटला:
क्रिकेटवाल्याचा अंगठा दुखला तर अर्धं पान,
अन् आमच्या पोट्ट्याचं नाक फुटलं, त्याचं काय?
फोन लावला.
जागा नव्हती, म्हणाले.

संध्याकाळी खेमराजची माय आली,
मागावरचं सूत अजून बोटांना.
वाचता येत नाही तिला.
कुठं हाय रे माहा पोरगा?

मी बोट ठेवलं
रमेशवर
आणि मोठ्यानं वाचलं,
खेमराज पराते.

आणखी एकदा वाच, म्हणाली.