कोरडा दोर

दोन पोती पिठाला घेतलं त्याला.
तो स्वतःच सांगायचा, छाती काढून:
"दोन! बोकडाला तर एकच दिलं होतं मालकांनी."
लोम बंदरामागच्या गल्लीत, डॅन्यूब गोठली त्या साली.
मिंचो. वय सात, कान मोठे.
पीठ म्हणे जरा किडकंच निघालं.

मी सर्कशीची शिंपीण, स्तोयना.
त्याच्या विजारीची ढोपरं एकोणीस वर्षं शिवली मी.
रोज एकशेचार वेळा पडायचा तो.
बेल्चेव्ह मालक मोजायचे, खिशातल्या खिशात, मण्यांवर.
एखादं कमी भरलं
तर तंबू रिकामा झाल्यावर वसूल करायचे,
आवाज न चढवता.
"पड, बाळा. अजून एक."
हा पडायचा, उठायचा, भुसा झटकत विचारायचा,
"आता भरलं ना, मालक?"

पहाटे त्यांचे बूट पुसायचा.
थुंकी, काजळी, अंड्यातलं पांढरं.
चामड्यात स्वतःचं तोंड उमटलं
की मला हाक मारून दाखवायचा.

सिलिस्त्राच्या मुक्कामात
दोरावरच्या इस्क्रानं तीन हंगामांचा पगार मागितला.
सगळ्यांसमोर, रश्शात पाव बुडवता बुडवता.
मालक हसले.
आपल्या ताटातला मासा उचलून तिला वाढला.
तेव्हाच मला कळायला हवं होतं.

कळलं होतं.

रात्री मिंचो माझ्या गाडीशी आला, चिंधी मागायला.
"दोराला चरबी लावायचीय. कोरडा पडलाय बिचारा,
तहानलाय, म्हणाले मालक.
बघ ना, दोराचीसुद्धा काळजी!"
मी चिंधी दिली.
जुन्या घागऱ्याची, फुलाफुलांची.
मऊ बघून, निवडून दिली.

रूसेच्या कोर्टात तो तोंडाला रंग लावून गेला.
तिथंही माणसं बघायलाच येतात,
असं त्याला सांगितलं होतं; कुणी, ते विचारू नका.
न्यायाधीश म्हणाले, दोराला हात कुणी लावला?
"मी!"
उठताना बुटात बूट अडकला, आडवा झाला.
हशा.
उभा राहिला. "वरपासून खालपर्यंत, साहेब.
बोटभर जागा सुटू दिली नाही."
मग कुणी हसेना.
कुणीच हसेना म्हणून तो घाबरला,
मालकांकडे बघितलं त्यानं,
आणि पुन्हा पडून दाखवलं.

मालकांनी रुमाल डोळ्यांना लावला.
पोटच्या पोरासारखा वाढवला होता, असं पेपरात आलं.
साक्ष माझीही झाली.
मी ढोपरांबद्दल बोलले,
वर्षाला किती रिळं लागायची ते सांगितलं.
चिंधीचं कुणी विचारलं नाही.

तुरुंग नदीकाठीच आहे.
महिन्यातून एकदा जाते. कांदे नेते, थोडी साखर.
इथं कुणी पड म्हणत नाही, याचं त्याला वाईट वाटतं.
इस्क्राबद्दल एकदाच बोलला:
"मऊ दोर आवडला असेल ना तिला?"

परवा जाळीला नाक लावून विचारलं,
मालकांचे बूट आता कोण पुसतं?
पुसतं कुणीतरी, म्हटलं.
"अंड्यातलं पांढरं लावतात ना?"
हो, म्हटलं.
जाळीवरचे हात मागे घेतले मी.
नखांत काजळी होती.