पाणी आलं होतं तिथून डावीकडं

सांगलीच्या स्टँडवर उतरले तेव्हा दहा वाजून गेलेले.
लॉजचा पत्ता चिठ्ठीवर होता,
चिठ्ठी मुठीत होती, आणि मूठ
अकोल्यापासून घामेजलेली.
पतसंस्थेच्या वह्या तपासायला आले होते मी,
तीन दिवस, भत्ता रोज साडेचारशे.
त्यात रिक्षा बसत नाही.

पानपट्टीवाल्याला विचारलं.
चुना लावता लावता तो म्हणाला,
"सरळ जावा. पाणी आलं होतं तिथून डावीकडं."
मी खाली बघितलं.
कोरडं डांबर, ट्रॉलीतून पडलेलं उसाचं एक कांडं,
चाकांखाली चपटं.
कुठलं पाणी?
"एकोणीसचं की," म्हणाला,
जणू ते आत्ताच इथून गेलं.

रिक्षा दस्तगीर नदाफांची.
मीटरला विणलेली टोपी घातलेली, लाल गोंड्याची.
"आजारी हाय," एवढंच सांगितलं.

चौकात अडकलो.
एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या,
गाणं एवढ्या मोठ्यानं की ऊस थरथरत होता,
आणि समोरून, उलट्या बाजूनं, वरात.
नवरदेवाच्या घोड्यानं तोंड आमच्या रिक्षात घातलं.
तो माझ्याकडं बघत राहिला, मी त्याच्याकडं.
मला वाटलं, चला, आपण दोघं बाहेरगावचे.
"मिरजेचा हाय," नदाफ म्हणाले, "रोजचाच."

पुढं नाटक सुटलं होतं.
स्कूटरला किक मारता मारता एक आजोबा
तिसरा अंक कसा फसला ते बायकोला सांगत होते.
स्कूटर सुरू होत नव्हती,
अंक संपत नव्हता.
कढईवाल्यानं दूध उंचावरून ओतलं, पुन्हा ओतलं,
मी भडंगाचा पुडा फोडला,
नदाफांनी दोनच दाणे घेतले, पाहुण्याचा मान म्हणून.
इथं सगळं 'की'वर संपतं:
खावा की, बसा की, जाऊ की निवांत.

पेठेत हमाल हळदीच्या पोत्यांवर झोपलेले.
एकाचा हात बाहेर लोंबत होता,
दिव्याखाली तळवा पिवळाधमक,
हळदीच्या दिवशी पळून आल्यासारखा.

तिथं नदाफांनी रिक्षा थांबवली.
"उतरा. हात वर करा."
मी घाबरले, खोटं कशाला बोलू.
अकरा वाजलेले, गल्ली अरुंद, माणूस अनोळखी.
हात वर केला.
बोटांच्याही वर, वीतभर,
भिंतीवर निळी रेघ.
"हितवर."

रिक्षा खांबाला बांधून गेले होते ते, दोरखंडानं.
चौथ्या दिवशी सापडली.
मागच्या सीटवर मासा.
"भाडं न देताच ग्येला," म्हणाले
आणि टोपीचा गोंडा सरळ केला.

मग मी वळून बघितलं.
दुधाची कढई रेघेच्या खाली.
आजोबा, स्कूटर, फसलेला अंक खाली.
झोपलेला तळवा खाली.
लांबून वरात येत होती, तिचे डोक्यावरचे दिवेसुद्धा खाली,
फक्त घोड्यावरचा नवरदेव
तुऱ्यापुरता वर.

लॉजवाल्यानं विचारलं, वरची खोली की खालची?
वरचीला पन्नास जास्त.

सकाळी वह्या आल्या.
त्या ऑगस्टची पानं फुगलेली, एकमेकांना चिकटलेली,
शाई पसरून आकड्यांचे ढग झालेले.
कारकून बाई म्हणाल्या, "तेवढी सोडा मॅडम."
माझ्या नोकरीत सोडता येत नाही.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: पाणी आलं होतं.
खाली, ठरल्याप्रमाणे: शिल्लक पुढे ओढली.
रिक्षाचे एकशे वीस मात्र
कुठल्याच रकान्यात बसेनात.